वाचेचें स्थान

परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा वाणीच्या चार अवस्था आमच्याकडे परंपरेनें सांगतात, आणि नाभि, हृदय, कंठ व मुख हीं त्यांचीं चार स्थानें म्हणून दाखवितात. कीर्तनांत किंवा प्रवचनांत हें वर्णन कानावरून गेलें नाहीं असा मराठी गृहस्थ विरळाच. या चार स्थानांत मस्तकाचें नांव कोठेंच नाहीं, ही गोष्ट मात्र ऐकतांना सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पूर्वजांस हिणविण्याचा येथें हेतु नाहीं. ती योजना शारीरशास्त्राची नसून साधनेची आहे. शिवाय ॲरिस्टॉटलसारख्या महापंडितानेंही बुद्धीचें आसन हृदयांत मांडून मेंदूकडे शरीरास थंडावा देण्याचें काम सोपविलें होतें. पुढें मन मस्तकांत आलें खरें. पण मध्ययुगीन युरोपांतील विद्वानांनीं तें मेंदूच्या मांसल भागांत न ठेवतां आंतील पोकळ्यांत ठेवलें. एखाद्याची वाचा अकस्मात् बसली म्हणजे त्याची जीभ लुळी पडली अशी तेथील वैद्यांची दीर्घकाळ समजूत होती, आणि औषधोपचारही जिभेवरच होत असत. वाचा म्हणजे जीभ नव्हे, तिचें मूळ मेंदूच्या रचनेंत आहे, हें सर्वांस पटेल अशा पुराव्यानिशीं पुढें येण्यास १८६१ साल उजाडावें लागलें. तें आलें तें अशा एका मनुष्यामुळें, कीं ज्याला एका अक्षरापलीकडे जवळजवळ कांहींच बोलतां येत नव्हतें.

या शोधाची पूर्वपीठिका जरा गमतीची आहे. फ्रान्त्स योसेफ गाल नांवाचा जर्मन वैद्य लहानपणीं शाळेंत असतांना, पाठांतरांत आपणांस मागें टाकणाऱ्या मुलांचे डोळे मोठे व बाहेर आलेले असतात, असें त्याच्या दृष्टीस पडलें. (हरलेल्या मुलाला विजेत्याच्या तोंडाकडे पाहत बसण्यास वेळ भरपूर असतो!) मोठेपणीं त्यानें यावरून असा सिद्धांत बांधला, कीं शब्दांची शक्ति मेंदूच्या पुढच्या भागांत, डोळ्यांच्या खोबणींच्या लगत असली पाहिजे, ती वाढली म्हणजे डोळ्यांस बाहेर लोटते. याच रीतीनें त्यानें औदार्य, क्रौर्य, संचयाची हांव इत्यादि वृत्तींचीं स्थानें ठरविलीं, आणि कवटीवरील उंचवटे चांचपून माणसाचा स्वभाव सांगण्याचें एक शास्त्रच उभें केलें. आमच्याकडील सामुद्रिकाचा हा युरोपीय भाऊबंद म्हणावयास हरकत नाहीं. धर्मास घातक म्हणून ऑस्ट्रियाच्या बादशहानें त्याच्या व्याख्यानांवर बंदी घातली, व १८०७ सालीं गाल पॅरिसला येऊन राहिला. उंचवट्यांचें शास्त्र पुढें खोटें ठरलें. परंतु मेंदू हा एकजिनसी गोळा नसून त्याच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळीं कामें आहेत, हा त्यामागचा मूळ विचार टिकून राहिला. फ्लुरांस नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें कबुतरांच्या मेंदूचे भाग कापून पाहिले आणि याच्या उलट, मेंदूचा वरचा भाग एकवटूनच काम करतो, असें प्रतिपादन केलें. पॅरिसच्या विद्वत्सभांत त्याचा शब्द प्रमाण मानला जाऊं लागला. कबुतरांस बोलतां येत नाहीं, ही अडचण त्या वेळीं कोणास फारशी जाणवलेली दिसत नाहीं.

गालचा पक्ष ज्यांनीं सोडला नाहीं, त्यांत बुइयो हा वैद्य प्रमुख होता. वाचा गेलेल्या रुग्णांच्या मेंदूंत पुढचा भाग बिघडलेला आढळतो, असें त्यानें १८२५ सालीं प्रसिद्ध केलें. आणि १८४८ सालीं तर, मेंदूचा पुढचा भाग नष्ट झालेला असूनही ज्याचें बोलणें शाबूत आहे असा एक तरी मनुष्य दाखवा व ५०० फ्रँक घेऊन जा, असें जाहीर आव्हान दिलें. पुढें १८६५ सालीं व्हेल्पो नांवाच्या शल्यवैद्यानें केसांचे टोप करणाऱ्या एका कारागिराची जुनी हकीकत काढून या बक्षिसावर हक्क सांगितला. त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागांत मोठी गांठ झाली होती, आणि त्याच्याइतका बडबड्या मनुष्य आपण दुसरा पाहिला नाहीं, असें व्हेल्पोचें म्हणणें होतें! अशा रीतीनें एका बाजूस पैज व दुसऱ्या बाजूस थट्टा, या थरावर तो वाद पोहोंचलेला होता.

१८६१ च्या वसंतांत तो पुन्हां पेटला. पॉल ब्रोका या शल्यवैद्यानें दोन वर्षांपूर्वीं पॅरिसमध्यें मानवशास्त्राचें एक मंडळ स्थापन केलें होतें, व त्यांत मेंदूचा आकार आणि बुद्धि यांचा संबंध काय, यावर चर्चा चालली होती. बुइयोचा जांवई ओबेर्तां यानें ४ एप्रिल रोजीं मंडळापुढें एक विलक्षण अनुभव सांगितला. आत्महत्येच्या प्रयत्नांत गोळी लागून कपाळाचें हाड उडालेला एक रुग्ण इस्पितळांत आला होता; मेंदूचा पुढचा भाग उघडा पडला होता, पण शुद्ध व वाचा कायम होती. तो बोलत असतां ओबेर्तांनें एका चपट्या हत्यारानें तो भाग हळूच दाबला, तों बोलणें मध्येंच तुटलें. दाब काढतांच तें पुन्हां सुरू झालें. आज हें वाचतांना अंगावर कांटा येतो, आणि मरणोन्मुख माणसावर असा प्रयोग करावा काय, हा प्रश्न त्या सभेंत कोणी विचारला असता तर बरें झालें असतें, असें वाटतें. ओबेर्तांनें आणखीही एक धाडस केलें. वाचा गेलेला एक रुग्ण त्याच्या देखरेखीखालीं होता. तो मेल्यावर त्याच्या मेंदूचा पुढचा भाग निर्दोष निघाला, तर आपण आपलें मत सोडून देऊं, असें त्यानें जाहीर केलें. ब्रोका हें ऐकत होता. त्याचें स्वतःचें मत अद्याप बनलेलें नव्हतें.

याला एक आठवडा झाला नाहीं तोंच, ११ एप्रिल रोजीं, बिसेत्रच्या रुग्णालयांत ब्रोकाच्या शस्त्रक्रिया-विभागांत एक ५१ वर्षांचा मनुष्य आणला गेला. बिसेत्र हें पॅरिसच्या दक्षिणेस असलेलें जुनें व अवाढव्य आश्रयस्थान होतें. म्हातारे, अपंग, वेडे असे पुरुष तेथें वर्षानुवर्षें राहत. हा मनुष्य तेथें २१ वर्षें होता. त्याचें आडनांव लबोर्न्य. पण तेथें त्याला सर्वजण ‘तां’ म्हणत, कारण कांहींही विचारलें तरी तो ‘तां, तां’ एवढेंच उत्तर देई. लहानपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत असत, तरी तो काम करून पोट भरीत असे. तिसाव्या वर्षीं त्याची वाचा गेली व तो बिसेत्रला आला. दहा वर्षांनीं त्याचा उजवा हात लुळा पडूं लागला, मग उजवा पाय. शेवटीं कित्येक वर्षें तो अंथरुणासच खिळून होता. अंथरूण तो खराब करीत नसे, म्हणून त्याच्या चादरी आठवड्यांतून एकदांच बदलल्या जात. आणि त्यामुळें त्याच्या उजव्या पायांत भरलेला पू सगळा पाय सुजेपर्यंत कोणाच्या लक्षांतच आला नाहीं. ब्रोकानें हें आपल्या अहवालांत साधेपणानें नमूद करून ठेवलें आहे. ज्याला ‘माझा पाय दुखतो’ एवढे तीन शब्द म्हणतां येत नाहींत, त्याचें काय होतें, हें या एका वाक्यावरून कळतें.

त्याची बुद्धि गेली होती काय? आश्रमांतील लोक त्याला भांडखोर व आपमतलबी समजत. ब्रोकानें मात्र त्याची परीक्षा शांतपणें घेतली. येथें किती वर्षें आहेस, असें विचारतांच त्यानें डाव्या हाताचीं पांचही बोटें चार वेळां उघडून दाखविलीं, आणि मग आणखी एक बोट वर केलें. एकवीस! दुसऱ्या दिवशीं तोच प्रश्न केला, तेंच उत्तर आलें. तिसऱ्या वेळीं विचारल्यावर, आपल्याला उगाच खेळविलें जात आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें आणि तो चिडला. चिडल्यावर देवाच्या नांवाची एक फ्रेंच शिवी त्याच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडे. ‘तां’ खेरीज त्याच्यापाशीं उरलेलें बोलणें तें एवढेंच. घड्याळ दाखविलें असतां त्यानें वेळ बरोबर ओळखली. एकंदरींत ऐकणें, समजणें, मोजणें, आठवणें, रागावणें हें सर्व थोडेंबहुत जाग्यावर होतें. ओठ व जीभही हलत होतीं. मधला दुवाच तेवढा नव्हता. ब्रोकानें ओबेर्तांस बोलावून रुग्ण दाखविला, आणि आपल्या मताच्या कसोटीस ही व्यक्ति योग्य आहे, असें ओबेर्तांनेंही मान्य केलें.

१७ एप्रिलला लबोर्न्य वारला. दुसऱ्या दिवशीं शवविच्छेदन झालें, व त्याच दिवशीं ब्रोकानें तो मेंदू मंडळापुढें ठेवला. डाव्या बाजूस, कपाळामागील खंडांत, कोंबडीचें अंडें मावेल एवढी पोकळी होती. बिघाड पुष्कळ पसरलेला होता. मग त्यांतला वाचेचा भाग कोणता? येथें ब्रोकाची तर्कशक्ति दिसून येते. त्यानें रोगाच्या इतिहासाची मेंदूच्या अवस्थेशीं सांगड घातली. पहिलीं दहा वर्षें फक्त वाचा गेलेली होती, पक्षाघात नंतर आला. म्हणजे जेथून बिघाडाला आरंभ झाला, तेंच वाचेचें ठिकाण असलें पाहिजे. जेथें नाश सर्वांत जुना व पूर्ण होता, ती जागा म्हणजे ललाटखंडाची तिसरी वळी, विशेषतः तिचा मागचा भाग. मेंदू चिरून आंत पाहण्याचा मोह त्यानें आवरला, आणि तो जसाच्या तसा मद्यार्कांत घालून संग्रहालयांत ठेवून दिला. या संयमाचें महत्त्व पुढें सुमारें दीडशें वर्षांनीं कळून आलें.

त्याच वर्षाच्या हिंवाळ्याच्या सुमारास लेलाँ नांवाचा ८४ वर्षांचा एक मजूर मांडीचें हाड मोडून ब्रोकाकडे आला. त्याच्यापाशीं पांच शब्द होते: होय, नाहीं, तीन, नेहमीं, आणि स्वतःचें नांव, तेंही अर्धवट. ‘तीन’ हा शब्द तो सर्व संख्यांसाठीं वापरी, पण बोटें मात्र बरोबर दाखवी. मुलें किती, असें विचारल्यावर तोंडानें ‘तीन’ म्हणून त्यानें चार बोटें वर केलीं! आपली जीभ खोटें सांगत आहे, हें त्याला कळत होतें, व तो हातानें तिची दुरुस्ती करीत होता. याच्याही मेंदूंत बिघाड त्याच ठिकाणीं आढळला, व तोही डावीकडेच.

डावीकडेच कां? १८६३ पर्यंत ब्रोकापाशीं आठ रुग्णांची नोंद झाली, आणि आठांच्याही मेंदूंत दोष डाव्या बाजूस होता. माणसाचीं दोन्ही डोळे, दोन्ही कान, दोन्ही मूत्रपिंडें समान काम करतात; दिसण्यांत सारखीं असलेलीं मेंदूचीं दोन अर्धें मात्र वेगळीं वागतात, हें त्याला स्वतःलाच पटेना. १८६५ सालीं त्यानें अखेर लिहिलें, कीं आपण डाव्या अर्धगोलानें बोलतों. मेंदूचें डावें अर्ध शरीराचा उजवा भाग चालवितें, म्हणून उजवा हात आणि वाचा बहुधा एकदमच जातात. ज्या घरांत अर्धांगवायूचा रुग्ण सांभाळला गेला आहे, तेथील मंडळींनीं हें डोळ्यांनीं पाहिलेलें असेल. याच सुमारास माँपेलिएकडील एका डॉक्टरानें, म्हणजे दाक्स यानें, आपल्या वडिलांनीं १८३६ सालींच हा शोध लावून निबंध लिहिला होता, असा दावा मांडला. ब्रोकानें चौकशी केली, पण तो निबंध सभेंत वाचल्याचा मागमूस त्यास मिळाला नाहीं. तो निबंध १८६५ सालीं छापला गेला. मान कोणाचा, हा तंटा त्या दोघांच्या मरणानंतरही पंडित लोक चालवीत आहेत. त्यांत आपण पडण्याचें कारण नाहीं.

ब्रेस्लाऊचा कार्ल व्हेर्निके यानें १८७४ सालीं, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षीं, या चित्राचा दुसरा अर्धा भाग दाखविला. त्याच्या रुग्णांची जीभ अडखळत नव्हती. उलट तीं माणसें भराभर बोलत, पण शब्द भलतेच येत, अर्थाचा मेळ बसत नसे, आणि दुसऱ्याचें बोलणें त्यांस उमजत नसे. असल्या रुग्णाला पूर्वीं वेडा ठरविणें फार सोपें होतें. त्याच्या मेंदूंतील दोष मात्र कपाळामागें नसून डाव्या कानाच्या वर, शंखखंडाच्या वरच्या वळींत असे. व्हेर्निकेनें यावरून असें मांडलें, कीं शब्दांच्या ध्वनींचें भांडार मागें आहे, उच्चाराच्या हालचालींचें पुढें आहे, आणि दोहोंमध्यें तंतूंची वाट आहे. ती वाट तुटली तर तिसऱ्याच प्रकारचा दोष दिसला पाहिजे. आमच्या मतें या संबंध इतिहासांत सर्वांत फलदायी कल्पना ही होय. कारण ‘स्थान’ या शब्दाऐवजीं ‘वाट’ हा शब्द येथें प्रथम बळावला.

तरीही पुढचीं कित्येक वर्षें वैद्य लोक कागदावर वर्तुळें व रेघा काढून वाचनाचें केंद्र, लेखनाचें केंद्र, कल्पनांचें केंद्र असे नकाशे रंगवीत राहिले. त्यांस टोकणारे लोक थोडे, पण तोलामोलाचे होते. लंडनचा ह्यूलिंग्ज जॅक्सन याचें म्हणणें असें, कीं कोणती जागा बिघडल्यानें वाचा जाते हें सांगणें वेगळें, आणि वाचा त्या जागेंत राहते असें म्हणणें वेगळें. विहिरीचा रहाट मोडला म्हणजे पाणी मिळत नाहीं. म्हणून पाणी रहाटांत होतें असें कोणी म्हणत नाहीं. वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून शिवी, प्रार्थना, पाठ केलेले आंकडे सहज निघतात, याकडेही जॅक्सननें लक्ष वेधलें. पाणी मागतां न येणारे आजोबा आरतीच्या वेळीं सबंध आरती म्हणूं लागतात, तेव्हां घरच्यांना वाटतें कीं म्हाताऱ्यानें सोंग घेतलें आहे. तें सोंग नसतें. मुखोद्गत असलेलें म्हणणें आणि मनांतला नवा आशय वाक्यांत गुंफणें, या दोन क्रियांस मेंदूंत सारखींच साधनें लागत नाहींत. पुढें मनोविश्लेषणामुळें जगप्रसिद्ध झालेला फ्रॉइड यानेंही १८९१ सालीं एक लहानसें पुस्तक लिहून या नकाशांवर हल्ला केला होता. आणि १९०६ सालीं पियेर मारी यानें तर, ज्या बिसेत्रमध्यें ब्रोकानें शोध लावला त्याच बिसेत्रमध्यें बसून, तिसऱ्या वळीचा वाचेशीं कांहीं विशेष संबंध नाहीं, असें बेधडक लिहिलें. हें दुसरें टोक झालें.

विसाव्या शतकांत जिवंत व जागृत माणसाच्या मेंदूवर पुरावा मिळूं लागला. कॅनडांतील पेनफील्ड हा शल्यवैद्य अपस्मारावरील शस्त्रक्रियेच्या वेळीं, रुग्ण शुद्धीवर असतांना, मेंदूच्या पृष्ठभागास विजेचा सौम्य स्पर्श करी. हेतु हा, कीं वाचेस लागणारा भाग चुकून कापला जाऊं नये. वीज लागतांच रुग्णाला समोरच्या चित्राचें नांव आठवेना, किंवा बोलणें थबके, ओबेर्तांच्या रुग्णाचें थबकलें होतें तसें. परंतु विजेच्या स्पर्शानें एकही सार्थ शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाहीं. फार तर एखादा दीर्घ स्वर निघे. वाचा थांबवितां आली, पण निर्माण करतां आली नाहीं.

याहून महत्त्वाचा पुरावा मुक्या-बहिऱ्यांनीं दिला. अमेरिकेंतील बहिरे लोक हातांच्या खुणांची जी भाषा वापरतात, तिला स्वतःचें व्याकरण आहे. पॉइझ्नर, क्लिमा आणि बेलूजी यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, ही भाषा जन्मभर वापरलेल्या आणि पुढें मेंदूस इजा झालेल्या माणसांचा अभ्यास आहे. खुणा अवकाशांत केल्या जातात, व अवकाशाचें भान हें मुख्यतः उजव्या अर्धगोलाचें काम. म्हणून ही भाषा उजवीकडे असेल, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. झालें उलट. ज्यांचा उजवा अर्धगोल बिघडला, त्यांस साधें घराचें चित्र नीट काढतां येईना, पण त्यांच्या खुणांचें व्याकरण शाबूत राहिलें. ज्यांचा डावा बिघडला, त्यांचें चित्र बरें आणि भाषा मात्र मोडकी. म्हणजे डावीकडची ती रचना जिभेची नाहीं व कानाचीही नाहीं. तोंड असो वा हात असो, ती भाषेचीच आहे. त्यांत आणखी नवल असें, कीं अगदीं लहानपणीं डावा अर्धगोल निकामी झाला तर पुष्कळ मुलांत उजवा तें काम बरेंचसें उचलतो. रचना जन्मतः मिळते. पण ती पुढें दगडासारखी घट्ट होते, तोंवर कांहीं अवधि मोकळा असतो. उजव्या अर्धगोलास बोलणें शिकवितां येईल, अशी आशा ब्रोकानेंही व्यक्त केली होती.

२००७ सालीं नीना ड्रॉन्कर्स व त्यांचे सहकारी यांनीं लबोर्न्य आणि लेलाँ यांचे जपून ठेवलेले मेंदू चुंबकीय प्रतिमांच्या यंत्रानें आरपार पाहिले. ब्रोकानें ते चिरले असते तर हें शक्यच नव्हतें. वरून दिसणाऱ्या वळीपेक्षां बिघाड पुष्कळ खोल गेलेला आढळला. पुढचा व मागचा भाग जोडणाऱ्या तंतूंचा मोठा जुडगाही तुटलेला होता. म्हणजे ब्रोकानें वरून पाहिलेली जागा खरी होती, पण ती पुरी नव्हती, आणि व्हेर्निकेची वाटही त्याच बरणींत पडून होती. २००८ सालीं माणसाच्या मेंदूंतील या जुडग्याची तुलना चिंपांझी व माकड यांच्याशीं करण्यांत आली. त्यांच्यांतही तो आहे, पण शंखखंडांत तो मनुष्यांत जितका दूरवर पसरतो तितका त्यांच्यांत पसरत नाहीं. मनुष्याला सर्वस्वी नवा अवयव मिळालेला नाहीं; जुन्या भागांमधली वहिवाट वाढली आहे.

राहतां राहिलें त्या रुग्णाचें नांव. दीडशें वर्षें वैद्यकाच्या पुस्तकांत तो ‘तां’ म्हणूनच वावरला. त्याच्या अर्ध्या इंचाच्या वळीची जेवढी चर्चा झाली, तेवढी त्याच्या आयुष्याची कोणी केली नाहीं. डोमान्स्की या पोलिश इतिहासकारानें जुनीं दप्तरें धुंडाळून २०१३ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचें नांव लुई व्हिक्टर लबोर्न्य, जन्म पॅरिसपासून थोड्या अंतरावरील मोरे या गांवचा, बाप शाळामास्तर. तो स्वतः चांभारांस लागणारे लांकडी सांचे करी. त्या मोरे गांवीं, कातडें कमावण्यासाठीं ओकच्या झाडाची साल दळण्याच्या गिरण्या होत्या, आणि असल्या सालीच्या भुकटीला फ्रेंचमध्यें ‘तां’ म्हणतात. लहानपणीं कानांत घुमलेलें गिरणीचें नांवच शेवटीं ओठांवर राहिलें असावें, असें डोमान्स्कींनीं सुचविलें आहे. हा तर्क आहे, आणि तो तर्कच राहणार; ज्याला विचारावयाचें, त्याला २१ वर्षें पुष्कळांनीं पुष्कळ विचारलें होतें, आणि त्याचें उत्तरही तेंच होतें.